जेरुसलेम: आधी हिरवा रंग, मग जेसीबी

घरं पाडल्याचे व्हिडिओ हल्ली इतके येतात की स्क्रोल करताना अंगठा थांबतही नाही. बकेट वर जातं, स्लॅब खाली बसतो, धुरळा उडतो, कुणीतरी बाई ओरडत असते, संपलं. माझं लक्ष अशा वेळी भलतीकडेच जातं, धंद्याची खोड म्हणा. पुण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी दिवसभर सँक्शनची ड्रॉइंग्ज, झोन दाखले, मोजणीचे नकाशे यातच बुडालेला असतो, त्यामुळे मला पहिला प्रश्न हाच पडतो की हा प्लॉट कुठल्या झोनमध्ये होता आणि याने परमिशनला फाईल टाकली होती का. पूर्व जेरुसलेमच्या बाबतीत हा प्रश्न घेऊन वाचायला बसलो आणि मग त्यातून बाहेरच येता येईना. नंतर एकदा तिथे जाऊनही आलो, ते पुढे सांगतो.

बातम्यांत तिथल्या पाडकामाचं कारण दोन शब्दांत येतं, "विनापरवाना बांधकाम". खोटं नाहीये ते. यूएनचं ओसीएचए म्हणून मानवतावादी कामाचं जे कार्यालय आहे त्यांचा अंदाज असा की पूर्व जेरुसलेममधल्या पॅलेस्टिनी घरांपैकी निदान एक तृतीयांश घरांना परवाना नाही, म्हणजे लाखभर माणसं अशी की ज्यांच्या दारावर कधीही नोटीस चिकटू शकते. आता मला सांगा, लाखभर माणसं एकदमच बेशिस्त कशी काय निघाली? एखाद्या सोसायटीत एकाने टेरेस बंद करून खोली काढली तर तो त्याचा आगाऊपणा झाला, पण आख्ख्या गावाने तेच केलं असेल तर मी तरी माणसांना शिव्या घालायच्या आधी डीपी, म्हणजे गावाचा विकास आराखडा, उघडून बघेन.

तर तिथला डीपी उघडू.

१९६७ च्या जूनमध्ये सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने पूर्व जेरुसलेम जॉर्डनकडून घेतलं आणि त्याच महिन्यात नगरपालिकेची हद्द वाढवली. जॉर्डनच्या वेळी पूर्वेकडची नगरपालिका जेमतेम सहा-साडेसहा चौरस किलोमीटरची होती, नव्या हद्दीत आली सुमारे सत्तर. म्हणजे आज ज्याला आपण सरसकट पूर्व जेरुसलेम म्हणतो त्यातला मोठा भाग जुनं शहर नव्हताच, आजूबाजूच्या पंचवीस-तीस गावांची शेतं, डोंगरउतार आणि ऑलिव्हच्या बागा होत्या. हद्द आखणाऱ्या समितीत रेहावाम झेएवी नावाचे लष्करी अधिकारी प्रमुख होते आणि त्यांनी काय केलं ते नकाशा दोन मिनिटं नीट बघितला की कळतं, डोंगरमाथे आणि मोकळी जमीन आत, दाट वस्ती जमेल तितकी बाहेर. अबू दीस बाहेर, अल अझारिया बाहेर. उत्तरेला मात्र हद्दीचं एक लांब बोट काढलंय कारण तिकडे कलंदियाचं विमानतळ होतं आणि ते हवं होतं. विमानतळ पुढे बंद पडलं, बोट राहिलं. ते लक्षात ठेवा.

पुण्यात गावं हद्दीत आली आणि डीपी यायला वेळ लागला की मधल्या काळात काय होतं ते मी रोज बघतो, लोक थांबत नाहीत, पोरांची लग्नं व्हायची असतात. तिथेही तेच, फरक एवढाच की तिथे डीपी नुसता लांबला नाही, तो कुणासाठी करायचा आणि कुणासाठी नाही हे आधीच ठरलेलं होतं. नव्या हद्दीतली साधारण एक तृतीयांश जमीन सरकारने संपादित केली आणि त्यावर ज्यू वस्त्या उभ्या केल्या, रामोत, गिलो, नेवे याकोव, पिसगात झेएव, पूर्व तालपियोत, आणि या वस्त्या म्हणजे झोपडपट्टी नव्हे हं, रस्ते, शाळा, ड्रेनेज, बागा सगळं आधी कागदावर आणि मग जमिनीवर, प्लॅनर म्हणून बघितलं तर काम चोख आहे. पॅलेस्टिनी भागांचे आराखडे मात्र वर्षानुवर्षं झालेच नाहीत, आणि जिथे आराखडा नाही तिथे परवाना मिळत नाही, सरळ हिशोब. मग ऐंशीच्या दशकापासून आराखडे यायला लागले तेव्हा त्यात बांधायला उरलेली जागा किती, तर ओसीएचएच्याच आकड्याप्रमाणे पूर्व जेरुसलेमच्या साधारण तेरा टक्के, आणि त्यातली बरीचशी आधीच बांधून भरलेली.

बाकीचं काय झालं? बरंचसं हिरवं झालं.

नकाशावर हिरवा रंग हा आमच्या धंद्यात सगळ्यात सभ्य रंग. हिरव्याला कोण विरोध करणार? पूर्व जेरुसलेमच्या आराखड्यांत मोठमोठे पट्टे "मोकळा निसर्ग परिसर" म्हणून रंगवले, तिथे बांधकाम बंद. ठीक. पण मग जबल अबू घुनैमचं काय? बेथलेहेमकडे जाताना लागणारी ती झाडांची टेकडी, आसपासच्या पॅलेस्टिनी गावांसाठी हिरवी होती, आणि १९९७ मध्ये तिथे हार होमा नावाच्या वस्तीचं काम सुरू झालं, आज तिथे बिल्डिंगाच बिल्डिंगा आहेत. शुआफातच्या टेकडीचंही तसंच, आधी हिरवी, मग एक दिवस पिवळी (नकाशात पिवळा म्हणजे राहायला बांधता येईल असा झोन), आता तिथे रामात श्लोमो ही ज्यू वस्ती आहे. म्हणजे हिरवा रंग कायमचा नव्हता, तो जागा धरून ठेवायला होता, बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकतात तसा.

आणि हे मी काही गुप्त कट शोधून काढल्यासारखं सांगत नाहीये, ते कागदावरच आहे. १९७३ मध्ये गाफनी समितीने शहरातलं ज्यू आणि अरब लोकसंख्येचं त्या वेळचं प्रमाण तसंच टिकवा अशी शिफारस केली, साधारण त्र्याहत्तर-सव्वीस. पुढे "जेरुसलेम २०००" नावाचा मास्टर प्लॅन झाला त्यातही सत्तर-तीस हे सरकारी उद्दिष्ट नमूद केलंय, आणि ते जमणार नाही असं दिसल्यावर साठ-चाळीसचा हिशोब मांडलाय. त्या प्लॅनला कायद्याने लागते ती अंतिम मंजुरी मिळालीच नाही, तरी अधिकारी त्याच्याच आधारे फाईली बघतात. मी आजवर बरेच डीपी रिपोर्ट चाळलेत, त्यात लोकसंख्येचं प्रोजेक्शन असतं, दर माणशी पाणी किती, शाळेसाठी जागा किती, दर हजारी बाग किती. अमुक धर्माची माणसं इतक्याच टक्क्यांपर्यंत ठेवायची हे उद्दिष्ट प्लॅनिंग स्टँडर्ड म्हणून मी दुसरीकडे वाचलेलं नाही. गंमत म्हणजे एवढं करूनही प्रमाण काही टिकलं नाही, आज शहरात जवळपास चाळीस टक्के पॅलेस्टिनी आहेत.

नगररचनेच्या नावाखाली घरं पाडायची रीत मात्र इस्रायलने शोधलेली नाही, ती तिथे आधी राज्य करणाऱ्या ब्रिटिशांकडून वारशात आलीये. १९३६ मध्ये अरब उठावाच्या वेळी ब्रिटिशांनी जाफा या बंदराच्या जुन्या शहरातून सुरुंग लावून रुंद रस्ते काढले, दोनशेच्या वर घरं गेली. विमानातून पत्रकं टाकली होती की हे शहर सुधारण्यासाठी चाललंय, हवा-उजेड येईल वगैरे. खरं कारण सैन्याला आत शिरायला वाट हवी होती. मॅकडॉनेल नावाचे मुख्य न्यायाधीश होते, त्यांनी निकालात सरकारला सुनावलं की पाडायचंय तर खरं कारण सांगून पाडा, लोकांच्या डोळ्यांत धूळ कशाला फेकता. थोड्याच काळात त्यांना पदावरून जावं लागलं. पुढे १९४५ चे आणीबाणीचे नियम आले, त्यातलं ११९ नंबरचं कलम वापरून शिक्षा म्हणून घर पाडता येतं, आणि ते कलम आजही वापरात आहे. (शिक्षा म्हणून पाडणं आणि परवाना नाही म्हणून पाडणं हे दोन वेगळे प्रकार आहेत बरं का, मी इथे दुसऱ्याबद्दलच लिहितोय, पहिल्यावर वेगळं लिहावं लागेल.)

आणि याच्या बरोबर उलट्या टोकाचा माणूस म्हणजे स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस. प्लॅनिंग शिकलेल्या प्रत्येकाला हे नाव पाठ असतं. १९१४ मध्ये भारतात आले, मुंबई इलाख्यातली आणि बाकी ठिकाणची शहरं पायी फिरून त्यांनी रिपोर्ट लिहिले, १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तो त्यांच्याच हाताखाली, आणि त्याच वर्षी जेरुसलेमचा आराखडाही त्यांनी केला. गेडिस यांचं म्हणणं साधं होतं, रस्ता रुंद करायचाय म्हणून आख्खी आळी आडवी करू नका, एखाददुसरं पडकं घर काढा, चौक मोकळा करा, बाकीचं दुरुस्त करा. आधी शहर बघा, मग पेन्सिल उचला. जुन्या शहराच्या तटाभोवती मोकळी जागा राखायची कल्पना पण त्याच ब्रिटिश काळातल्या आराखड्यांतली, आणि ती वाईट नव्हती. पुढे १९७४ मध्ये तटाभोवती राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. आता त्या उद्यानात सिलवानचा वादी हिलवे हा राहता भाग येतो, तिथलं "दाविदचं शहर" हे उत्खननाचं ठिकाण एलाद नावाची संस्था चालवते, आणि ही संस्था त्याच भागात ज्यू कुटुंबांना वसवण्याचंही काम करते. गेडिस यांनी हे बघितलं असतं तर काय म्हणाले असते ते राहू दे.

१९६७ ला जे पहिलं पाडकाम झालं ते तर प्लॅनिंगच्या आधीचंच. युद्ध थांबतं न थांबतं तोच १० जूनच्या रात्री ज्यूंच्या पवित्र पश्चिम भिंतीसमोरची मुघरबी वस्ती, सलाहुद्दीनच्या मुलाच्या काळापासूनची, जवळपास पावणेआठशे वर्षांची वक्फ जागा, बुलडोझर लावून साफ केली. सुमारे १३५ घरं. लोकांना निघायला थोडासा वेळ दिला. आज तिथे जो मोठा फरसबंदी चौक दिसतो ना, प्रार्थनेला गर्दी होते तो, तो हाच. टेडी कोलेक तेव्हा महापौर होते आणि पुढे १९९३ पर्यंत तेच राहिले.

बरं, समजा तुमची जागा नशिबाने पिवळ्यात आहे. आता परवाना काढायचाय. पहिला कागद मालकीचा. आपल्याकडे सातबारा, तिथे ताबू, ऑटोमन काळापासूनची जमीन नोंद. जॉर्डनने गावोगावी मोजणी करून नोंदी पक्क्या करायचं काम सुरू केलं होतं, ते १९६७ मध्ये थांबवलं गेलं, त्यामुळे बहुतेक जमिनीची नोंद अर्धवटच राहिली. मग बरीच वर्षं गावच्या मुख्तारच्या, म्हणजे आपल्याकडच्या पाटलासारख्या माणसाच्या, सहीवर भागायचं, हळूहळू तेही कडक झालं. २०१८ मध्ये सरकारने ३७९० नंबरचा निर्णय घेतला, पूर्व जेरुसलेमसाठी दोन अब्ज शेकेलच्या (शेकेल हे इस्रायलचं चलन) वर खर्च, आणि त्यात जमिनीच्या नोंदी पुन्हा सुरू करायच्या असंही होतं. वाचायला छान वाटतं, आता ताबू मिळेल, परवाना मिळेल. पण लोक नोंदणीला पुढे यायला घाबरतात. का? तर वारस.

हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. आजोबांच्या नावची जमीन, चौदा वारस, एक आत्या अमेरिकेत, एक काका कुणाशीच बोलत नाही, सही कुणाची आणायची. आपल्याकडे यात फाईल अडकते, कोर्टात वीस वर्षं जातात, पण जमीन भावकीतच राहते. तिथे १९५० चा "गैरहजर मालमत्ता" कायदा आहे. एखादा वारस अम्मानला किंवा बैरूतला राहत असेल तर त्याचा हिस्सा सरकारी कस्टोडियनकडे जाऊ शकतो. म्हणजे तुम्ही प्रामाणिकपणे वंशावळ लिहून द्यायची आणि मग कळणार की तुमच्या घराच्या एका हिश्शाचे भागीदार आता सरकार झालंय. कोण देईल लिहून?

यातून पण सुटलात तर मग जमिनीचं एकत्रीकरण आणि पुनर्वाटप, आपल्या टीपी स्कीमसारखंच, रस्ते-शाळांसाठी चाळीस टक्क्यांपर्यंत जागा भरपाईशिवाय जाऊ शकते, शेजारच्या सगळ्यांची संमती, सर्व्हेयर, आर्किटेक्ट, वकील, फिया. एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं ते, ज्यू वस्त्यांपेक्षा कमी, मजले कमी. नवीन मास्टर प्लॅनमध्ये काही ठिकाणी चार मजल्यांपर्यंत मुभा दिली म्हणतात, पण समोरचा रस्ता तेवढा रुंद हवा, आणि तो रस्ता पालिकेने केलेलाच नाही. माझ्या ऑफिसात असा क्लायंट आला असता तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवला असता.

आता तिथे गेलो ते. अलिबागला आईची एक मैत्रीण होती, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू, सत्तरच्या दशकात तिकडे गेली, अशदोदला राहते. मावशीच म्हणतो आम्ही तिला. तिच्याकडे उतरलो. मावशीची मराठी अजून तशीच आहे, सत्तर सालच्या अलिबागची, मध्येच हिब्रू घुसते तेवढंच. चिकाचा हलवा करून ठेवला होता. मी म्हटलं उद्या सिलवानला जाणारे, तर म्हणाली, "तिकडं कशाला रे? बघायचंय तर भिंत बघ, बाजार बघ." मी कारण सांगितलं. त्यावर तिचं उत्तर आलं, "परवानगी नसेल तर पाडणारच ना बाबा, तुमच्या पुण्यात नाही पाडत? आम्ही आलो तेव्हा आम्हाला काय बंगले दिले होते? दिमोनाला वाळवंटात नेऊन ठेवलं होतं. आम्ही रांगेत उभे राहिलो." मी म्हटलं, "मावशी, त्यांना रांगेतच उभं राहू देत नसतील तर?" ती जरा थांबली, म्हणाली, "ते मला नाही ठाऊक, मी कधी तिकडं गेलेच नाही." आणि हलवा वाढला.

मावशीचा मुद्दा फालतू नाहीये. पालिकासुद्धा हेच म्हणते, कायदा सगळ्यांना सारखा, आणि परवाना नसलेल्या घरांमुळे शाळेची जागा जाते, रस्ता जातो, इमारत पडली तर जबाबदार कोण. हे सगळं मी पण क्लायंटला सुनावतो. पण मेइर मार्गालित नावाचे जेरुसलेमचेच माजी नगरसेवक आहेत, त्यांनी पालिकेचेच आकडे काढून वर्षानुवर्षं दाखवलंय की बांधकाम नियमांची उल्लंघनं पश्चिमेत जास्त सापडतात आणि पाडकाम पूर्वेत जास्त होतं. पश्चिमेत जाळी लावून बाल्कनी वाढवली की दंड भरून नियमित करता येते कारण खाली मंजूर आराखडा आहे. पूर्वेत नियमित करायला आराखडाच नाही.

सिलवानमध्ये अल बुस्तान म्हणून भाग आहे, दरीत, शंभरेक घरं. पालिकेला तिथे "राजाची बाग" करायचीये, सॉलोमन राजाची बाग इथे होती अशी परंपरा आहे म्हणून. २००५ मध्ये ८८ घरांना पाडायच्या नोटिसा गेल्या. बाहेरून फार ओरड झाली म्हणून थांबलं, मग नीर बरकात महापौर असताना २०१० मध्ये नवा आराखडा आला, थोडी घरं पाडू बाकीची नियमित करू, रहिवाशांनी पदरचे पैसे घालून आर्किटेक्ट लावले, पर्यायी आराखडे दिले, ते मान्य झाले नाहीत. हे सगळं आमच्या भाषेत "प्रकरण विचाराधीन".

तिथे एका घरी गेलो, ओळखीतल्या ओळखीने. मरमिया (सेजची पानं) घातलेला चहा आला, आणि गृहस्थांनी न मागता आतून फाईल आणली. फाईल बघितली आणि मला एकदम घरी आल्यासारखं झालं. तीच प्लास्टिकची फोल्डर, कोपरे दुमडलेले, आत सर्व्हेयरचा नकाशा, एकास शंभरचा प्लॅन, सेक्शन, जिन्याचं डिटेल, पायऱ्यांची उंचीसुद्धा लिहिलेली, शिक्के, हिब्रूतली पत्रं आणि त्यावर पेन्सिलने अरबीत केलेले खुणेचे शब्द. ड्रॉइंग चांगलं होतं हो. मी असतो तर पास केलं असतं. शेवटी पिन मारून पावत्यांचा गठ्ठा होता, दंडाचे हप्ते. मी विचारलं कशाचा दंड, तर त्यांनी बोट वर केलं. वरच्या मजल्यावर मुलाच्या लग्नासाठी दोन खोल्या काढल्या होत्या, त्या पाडल्या. आता तिथे अर्धी भिंत आणि भिंतीवर बाथरूमच्या निळ्या टाइल्स तेवढ्या उरल्यात, उघड्या आकाशाखाली, साबण ठेवायची खोबण सुद्धा आहे. खोल्या गेल्या, दंड चालू आहे, कारण दंड बांधल्याचा होता, पाडल्याने तो माफ होत नाही.

"कुणी पाडल्या?" मी विचारलं. म्हणाले, "मी."

हे तिथलं सगळ्यात विचित्र प्रकरण आणि ते दुर्मिळ अजिबात नाही. पालिकेने पाडलं तर मशीनचा, मजुरांचा, बंदोबस्ताचा खर्च मालकाकडूनच वसूल होतो, हजारो शेकेल, शिवाय मशीन आलं की खालचं घर पण हलतं. म्हणून लोक भाड्याने ब्रेकर आणतात आणि स्वतःच फोडतात. या गृहस्थांनी दोन्ही मुलांना घेऊन फोडलं, सामान आधी बाजूला काढलं, खिडक्यांच्या चौकटी नीट सोडवून ठेवल्या, त्या जिन्याखाली रचलेल्या मी बघितल्या. साइटवर पाडकाम मी शेकड्याने बघितलंय, चौकटी इतक्या निगुतीने काढलेल्या फार बघितल्या नाहीत. २०१७ च्या कामिनिट्झ कायद्याने तर दंड आणखी वाढवले आणि मुदतवाढ द्यायचा न्यायाधीशांचा हात आखडता केला, तेव्हापासून हा स्वतः पाडायचा प्रकार वाढलाय. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत पूर्व जेरुसलेममध्ये दोनशेच्या वर बांधकामं पडली, आणि २०२४ मध्ये अल बुस्तानमध्ये मशीन पुन्हा शिरलंय. गाझाच्या युद्धात जगाचं लक्ष तिकडे होतं. ती चौकटी ठेवलेली जागा आता आहे की नाही, विचारायचं मला धाडस होत नाही.

मला सारखा एक प्रश्न पडायचा, की हे लोक पालिकेत आपला माणूस का पाठवत नाहीत. मुंबईत झोपड्यांना कट-ऑफ डेट मिळाली, १९९५, मग २०००, ती काही कुणाच्या दयेने मिळाली नाही, मतांनी मिळाली. पूर्व जेरुसलेमच्या पॅलेस्टिनींपैकी बहुतेक इस्रायलचे नागरिक नाहीत, कायमचे रहिवासी आहेत, क्नेसेटला, म्हणजे संसदेला, मत नाही पण पालिकेला आहे. तरी बहुतेक जण मतदानाला जात नाहीत, कारण मत दिलं म्हणजे १९६७ चा ताबा मान्य केला असा अर्थ होतो. चाळीस टक्के लोकसंख्या आणि नगरसेवक जवळपास शून्य. मला बाहेरून हे आत्मघातकी वाटलं, मी तसं बोललो पण. त्या गृहस्थांचा मुलगा म्हणाला, तुम्ही ब्रिटिशांच्या कौन्सिलात जायचं की नाही यावर भांडला नव्हता का. गप्प बसलो.

आणि नुसती जागा सोडून दुसरीकडे जाता येत नाही, ही खरी मेख. हा कायमचा रहिवासाचा दर्जा टिकवायला तुमचं "जीवनाचं केंद्र" शहरात आहे हे सिद्ध करावं लागतं. शहराबाहेर रामल्लाला स्वस्त फ्लॅट घेतला की रहिवासाचं कार्ड जायची भीती, १९६७ पासून चौदा हजारांवर लोकांचे दर्जे रद्द झालेत. आत बांधता येत नाही, बाहेर राहता येत नाही.

शहरालगत बाहेर बांधलं तरी सुटका होतेच असं नाही. सूर बाहेरच्या वादी अल हुम्मुसमध्ये लोकांनी पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडून परवाने घेऊन इमारती बांधल्या होत्या, रीतसर. जुलै २०१९ मध्ये त्या पाडल्या, कारण इस्रायलने वेस्ट बँकेच्या बाजूने उभारलेल्या विभाजक भिंतीपासून अडीचशे मीटरच्या आत येत होत्या. बांधकाम बंदीचा लष्करी आदेश, कोर्टाची मोहोर, काम झालं. परवाना होता ना? होता. चुकीच्या ऑफिसचा होता.

मग राहायचं कुठे? तर ते उत्तरेचं बोट. विमानतळासाठी हद्दीत ओढलेल्या त्या पट्ट्यात कफ्र अकब आहे. भिंत उभी राहिली ती कफ्र अकबच्या अलीकडून, त्यामुळे गाव पालिकेच्या हद्दीत पण भिंतीच्या पलीकडे, मध्ये कलंदियाचं चेकपोस्ट. तिथे कुणी इन्स्पेक्टर फिरकत नाही. दहा-दहा मजली टॉवर, बाजूच्या टॉवरपासून हात लांब केला तर खिडकी लागेल एवढं अंतर, मार्जिन नाही, फायरचा रस्ता नाही, पार्किंग नाही, सॉइल टेस्ट झाली असेल यावर मी पैज लावणार नाही. आणि हा मृत समुद्राच्या भेगेजवळचा भूकंपाचा पट्टा आहे, १९२७ ला जेरुसलेममध्ये चांगलं नुकसान झालं होतं. मी खाली उभा राहून वर बघत होतो तर घाम आला मला, स्ट्रक्चरल इंजिनियरला इथे आणलं तर तो पळून जाईल. अल बुस्तानात दोन खोल्यांसाठी मशीन आणि बंदोबस्त, आणि त्याच पालिकेच्या हद्दीत इथे आख्खं शहर विनापरवाना उभं आहे, कुणी बघत नाही.

त्या गृहस्थांच्या मुलाने लग्नानंतर इथेच सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. लिफ्ट कधी चालते कधी नाही. कचरा उचलायला वेळेवर कुणी येत नाही, कामावर जायला पहाटे चेकपोस्टच्या रांगेत. पण अर्नोना, म्हणजे तिथली घरपट्टी, तो दर महिन्याला न चुकता भरतो, एक दिवस पण उशीर नाही. मी म्हटलं सोयी मिळत नाहीत तर भरता कशाला, पुण्यात आम्ही थकवतो. त्याने वडिलांसारखीच एक फोल्डर काढली, आत अर्नोनाच्या पावत्या तारखेप्रमाणे लावलेल्या. घर कागदावर नाही, पण ते शहरातच राहतात याचा हाच पुरावा, उद्या कार्ड काढून घ्यायला आले तर हेच दाखवायचं. बायको गरोदर होती, तिची तपासणी सुद्धा मुद्दाम भिंतीच्या आतल्या दवाखान्यात, का तर त्याचीही पावती मिळते.